मुंबईतली कलादालने: कोणत्या वारी, कोणत्या वाटेने?

खडूपेटी

मुंबईत चित्रे बघायला यायचे तर आधी वार ठरवा, बाकीचे मागाहून. इथे सगळी दालने एकाच दिवशी बंद नसतात, आणि घोळ तिथेच होतो.

सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (यापुढे एनजीएमए) बंद. बुधवारी भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद, आणि शेजारची राणीची बागही बंद, म्हणजे तिकडे गेलात तर दुधाची तहान ताकावरही भागत नाही. रविवारी कुलाबा-फोर्टमधल्या बहुतेक खाजगी गॅलऱ्या बंद, त्यातल्या काही सोमवारीही. जहांगीर कलादालन (यापुढे नुसते जहांगीर) रोज उघडे असते, पण तिथली प्रदर्शने सहसा मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात. त्यामुळे मंगळवारी सकाळी गेलात तर भिंतीवर अर्धी चित्रे, जमिनीवर अर्धी, आणि शिडीवर चढलेला माणूस दिसण्याची शक्यता जास्त.

हे सगळे वजा केले की गुरुवार, शुक्रवार, शनिवार उरतात. शनिवारी फोर्टमधल्या काळा घोडा भागात गर्दी असते, म्हणून माझे मत गुरुवार किंवा शुक्रवार.

वेळ अकराची धरा. जहांगीर, एनजीएमए आणि बहुतेक गॅलऱ्या अकराला उघडतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय त्याआधी, सव्वादहाला. तेव्हा सुरुवात वस्तुसंग्रहालयापासून करावी हे ओघाने आलेच.

पायी क्रम असा: वस्तुसंग्रहालय, त्याला लागून जहांगीर, मग महात्मा गांधी मार्ग ओलांडून समोर एनजीएमए. या तिघांत मिळून चालणे पाच-सात मिनिटांचे. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून काळा घोड्यापर्यंत साधारण पंधरा-वीस मिनिटे चालत. आता भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक त्याहून जवळ पडते.

एनजीएमएचे तिकीट भारतीयांना २० रुपये. जहांगीर फुकट. खाजगी गॅलऱ्या सगळ्या फुकट. वस्तुसंग्रहालयाचे तिकीट त्या मानाने महाग आहे, पण पैसे वसूल होतात.

भर घाला, चुका काढा.

---

बोरीबंदर

वा, धागा हवाच होता. एक दुरुस्ती नाही, पण पुरवणी: वस्तुसंग्रहालय "आधी उरकून घेऊ" असे म्हणून आत शिरलात तर दुपारी दोनला पाय दुखत बाहेर याल आणि जहांगीरमध्ये बाकडे शोधाल. ते अख्खे बघण्याची जागाच नाही. तीन दालने निवडा आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवा.

माझी तीन: लघुचित्रे (कार्ल आणि मेहेरबाई खंडालावाला यांचा संग्रह त्यात आहे), सिंधमधल्या मीरपूरखासची मातीची शिल्पे, आणि पूर्वेकडच्या विस्तारात जहांगीर निकल्सन संग्रहाचे दालन. शेवटचे बरेच लोक चुकवतात, कारण ते मुख्य घुमटाखालच्या रस्त्यावर लागत नाही, विचारून जावे लागते. निकल्सन हे सूझा, रझा, हुसेन, गायतोंडे यांच्या पिढीची चित्रे विकत घेणारे संग्राहक. संग्रह आठशेच्या आसपास, भिंतीवर एका वेळी थोडीच, प्रदर्शन बदलत राहते. म्हणून "गायतोंडे बघायला चाललो" असे ठरवून जाऊ नका, आधी सध्या काय लावले आहे ते बघा.

इमारतीकडे बघायला मात्र बाहेर दहा मिनिटे काढा. वास्तुकार जॉर्ज विटेटचे काम. १९०५ साली पायाभरणी, पण लोकांसाठी उघडायला १९२२ उजाडले, मधल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होते. कुर्ल्याचा निळसर काळा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळट दगड असे दोन दगड शेजारी शेजारी वापरलेत. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून बेतलेला. आणि रस्त्यापलीकडचे एनजीएमए, म्हणजे जुना सर कावसजी जहांगीर हॉल (१९११), तेही विटेटचेच.

---

लिंबूकागद

लघुचित्रांबद्दल थोडे, कारण तिथे लोक दोन मिनिटांत "काळोख आहे" म्हणून बाहेर पडतात.

काळोख मुद्दाम आहे. कागदावरची आणि कापडावरची कामे उजेडाने विटतात आणि विटलेला रंग परत येत नाही, म्हणून जगभर अशा कामांवर साधारण ५० लक्सइतकाच (लक्स हे उजेड मोजायचे एकक) उजेड ठेवायचा संकेत आहे. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालते. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्याला ५० लक्स म्हणजे अंधारच. आत गेल्यावर पाच मिनिटे नुसते फिरा, पाट्या वाचा, मग पहिल्या चित्राकडे परत या.

बघायची पद्धत:
चित्र हातात धरून बघण्यासाठी केलेले असते, त्यामुळे काचेपासून वीतभर अंतरावर या. काचेवर प्रतिबिंब येत असेल तर जागा बदलण्यापेक्षा अंगात गडद कपडा असणे जास्त कामाचे, पांढरा सदरा काचेत ठळक दिसतो. मग थोडे गुडघ्यात वाका आणि चित्राकडे खालून वर बघा. सोन्याचा मुलामा घोटून चकचकीत केलेला असतो, तो समोरून मातकट पिवळा दिसतो आणि तिरक्या कोनातून एकदम पेटतो. दागिन्यांवर सुईने पाडलेले ठिपकेही त्याच कोनातून दिसतात. छोटे भिंग खिशात असू द्या, काचेला टेकवू मात्र नका.

एका भेटीत दहा-बारा चित्रे पुरे. त्यापुढे डोळा नुसता सरकतो.

---

वाटाड्या_फोर्ट

एनजीएमएचा एक खोचक मुद्दा. तिथे कायमची मांडणी फारशी नसते. एक मोठे प्रदर्शन संपले की दुसरे लागेपर्यंत काही मजले, कधी सगळेच, बंद असतात. बाहेरून इमारत उघडी दिसते, तिकीट मिळते आणि आत एकच मजला चालू. तेव्हा "सोमवार नाही ना" एवढ्यावर भागत नाही. निघण्यापूर्वी चालू प्रदर्शनाची तारीख बघाच.

जुन्या सभागृहाच्या पोटात अर्धगोल मजले घालून १९९६ साली हे संग्रहालय सुरू झाले. पायऱ्या चढत चढत वर घुमटाखाली पोचता. कलाकाराच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन असेल तर मांडणी बहुतेक वेळा खालून वर कालानुक्रमे जाते, म्हणून लिफ्टने वर जाऊन उतरत येण्याची शक्कल इथे उलटते: म्हातारपणीची चित्रे आधी आणि विद्यार्थीदशेतली शेवटी.

पिशव्या खाली ठेवाव्या लागतात. पाण्याची बाटलीही.

---

सुमेधा_नाशिक

खूप उपयोगी, वाचनखूण साठवली. प्रश्न: सासूबाई सत्तरीच्या, गुडघ्यांचा त्रास, सोबत नऊ वर्षांचा मुलगा. एकच दिवस आहे, आणि तोही नेमका रविवार. काय धरू, काय सोडू?

---

खडूपेटी

सुमेधाताई, रविवारी खाजगी गॅलऱ्या तशाही नाहीत, तेव्हा निवड सोपी. सकाळी भायखळा, दुपारनंतर जहांगीर. एनजीएमए सोडा, पायऱ्या फार.

भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरून राणीची बाग. चालण्यापेक्षा टॅक्सी करा, सासूबाईंची ताकद आतल्या चालण्यासाठी राखा. राणीच्या बागेत रविवारी झुंबड असते, म्हणून उघडता उघडता पोचा आणि आधी संग्रहालय, मग मुलाला पेंग्विन. उलट केलेत तर मुलगा संग्रहालयात पाऊल टाकणार नाही.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतले सर्वांत जुने. १८७२ साली व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट या नावाने लोकांसाठी उघडले, १९७५ साली डॉ. भाऊ दाजींचे नाव दिले. नऊ वर्षांच्या मुलाला तिथली मातीची छोटी माणसे दाखवा: मुंबईतल्या जातीजमाती, पागोट्यांचे प्रकार, कारागीर आपापल्या धंद्यात बसलेले. कपाटे बुटकी आहेत, मुलाच्या डोळ्यासमोर येतात. आत जाण्याआधी बाहेरचा दगडी हत्ती दाखवा. हा घारापुरीचा हत्ती, ज्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो विलायतेला न्यायला म्हणून उचलताना फुटला, तुकडे इथे आले आणि नंतर जोडले गेले. सांधे दिसतात, मुलाला ते शोधायला लावा.

तिथेच बागेत मूळ काळा घोडाही आहे! सातव्या एडवर्डचा स्वार-पुतळा १९६५ साली फोर्टातून हलवून इकडे आणला. काळा घोडा चौकात आता जो उभा आहे तो २०१७ सालचा, स्वाराविना.

---

बोरीबंदर

संग्रहालयाच्या मुख्य इमारतीची दुरुस्ती मध्ये बरीच चालली होती, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी उघडी आहे का, ते बघून घ्या. बाकी खडूपेटींशी सहमत. दुपारी दोन ते चार मात्र कुठेही जाऊ नका, सासूबाईंना बसवा, जेवा.

---

पॅलेट_नाइफ

खाजगी गॅलऱ्यांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. आजची चित्रकला बघायची तर ती तिथेच आहे, आणि मराठी माणूस दारातून परत फिरतो. दार बंद असते, घंटा असते, आत एसी, एक मुलगी संगणकावर. वाटते, विकत घेणाऱ्यांसाठी असेल. तसे काही नाही. घंटा वाजवा, आत जा, नमस्कार करा, बघा. कोणी काही विचारत नाही. टेबलावर एक-दोन पानांचे निवेदन असते ते मागून घ्या. किमतीची यादी भिंतीवर नसते, ती मागितली तर दाखवतात, आणि मागण्यात काही गैर नाही.

वाट दोन भागांत करा.

पहिला भाग फोर्ट: जहांगीरकडून निघून निळ्या सिनेगॉगवरून (ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १८८४ चे केनेसेथ एलियाहू) चालत क्वीन्स मॅन्शन, तिसरा मजला, केमोल्ड प्रेस्कॉट रोड. हीच गॅलरी १९६३ पासून जहांगीरच्या वरच्या मजल्यावर होती, २००७ मध्ये इकडे आली. दालन मोठे आहे, भिंती उंच, त्यामुळे मोठी मांडणशिल्पे (इन्स्टॉलेशन) इथे लागतात.

दुसरा भाग ताजच्या मागचा. मेरीवेदर रोडवरच्या सनी हाउसमध्ये मिरचंदानी आणि स्टाइनरुके, तसेच एक्सपेरिमेंटर. त्याच रस्त्यावर देविदास मॅन्शनमध्ये झवेरी कंटेम्पररी. तिन्ही गॅलऱ्या मिळून दीड तास. तिथून प्रोजेक्ट ८८ मात्र चालत जाऊ नका, ते कुलाबा अग्निशमन केंद्राजवळ, टॅक्सी किंवा बेस्ट. जुन्या छापखान्याच्या जागेत आहे, नुसती जागा बघण्यासारखी.

काय चुकते: प्रदर्शन साधारण पाच-सहा आठवडे चालते आणि दोन प्रदर्शनांच्या मध्ये आठवडाभर गॅलरी बंद असते. तिघांपैकी एक तरी त्या मधल्या आठवड्यात सापडतेच. पावसाळ्याच्या तोंडावर तर जास्तच. सगळ्या एकदम उघड्या हव्या असतील तर जानेवारीतला मुंबई गॅलरी वीकेंड गाठा. २०१२ पासून चालू आहे, गुरुवार ते रविवार, आणि तेव्हा रविवारीही दारे उघडी असतात.

जुन्या इमारतींच्या लिफ्टचे जाळीचे दरवाजे दोन्ही नीट लावा. एक उघडा राहिला की लिफ्ट वर अडकते आणि पुढचे सगळे जिने चढतात.

---

निळीशाई

काळा घोडा महोत्सवात गॅलऱ्या बघाव्यात का?

---

पॅलेट_नाइफ

नाही. जत्रा बघायची तर जरूर या, चित्रे बघायची तर ते नऊ दिवस टाळा. जहांगीरमध्ये माणसांच्या डोक्यावरून चित्र बघावे लागते.

---

वाटाड्या_फोर्ट

थोडा असहमत. महोत्सवात कामाच्या दिवशी, अकरा ते एक, बरे असते. संध्याकाळी पाचनंतर मात्र दादा म्हणतात ते शंभर टक्के.

शिवाय त्याच सुमारास, वर्षाच्या पहिल्या महिन्यांत, सर ज. जी. कला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन असते. एरवी त्या आवारात बाहेरच्यांना सहज फिरता येत नाही, प्रदर्शनात येते. सीएसएमटीहून पाच-सात मिनिटे. विद्यार्थ्यांची कामे विकत घेता येतात आणि शहरात चांगले मुद्राचित्र (चित्रकाराने ठशावरून छापलेले चित्र) परवडणाऱ्या किमतीत मिळण्याची ही हमखास जागा. पहिल्या दिवशी जा. चांगल्या कामांवर लाल टिकल्या (म्हणजे विकले गेले) लागायला वेळ लागत नाही.

---

सातासमुद्रा

नमस्कार, जर्मनीतून लिहितोय. डिसेंबरात येणार आहे. जहांगीरमधून किंवा बाहेरच्या पदपथावरून (आर्ट प्लाझा ना?) एखादे चित्र घेऊन विमानाने न्यायचे आहे. काय बघून घ्यावे?

---

लिंबूकागद

हो, आर्ट प्लाझाच. चित्रकार स्वतः बसलेले असतात, हा मोठा फायदा. कुठेही घ्या, हे तपासा:

१. हाताने रंगवलेले की छापलेले. कॅनव्हासवर छापून वर पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे मारलेली कामे बाजारात भरपूर आहेत. भिंगातून बघा. छपाईत रंगाचे बारीक ठिपके दिसतात, आणि फटकाऱ्याची दिशा खालच्या रंगाच्या दिशेशी जुळत नाही. कॅनव्हासची चौकटीवर दुमडलेली कडही बघा, तिथे रंग सांडलेला, ओघळलेला असतो की यंत्राने कापल्यासारखा सरळ थांबतो.

२. मुद्राचित्र असेल तर खाली डावीकडे पेन्सिलने १२/५० असा आकडा हवा, म्हणजे पन्नासांतली बारावी प्रत. उजवीकडे सही, तीही पेन्सिलने. आकडा नसलेल्या प्रतीला आकडा असलेल्या प्रतीची किंमत देऊ नका.

३. पावती, त्यावर चित्रकाराचे नाव, माध्यम, आकार, वर्ष. सोबत चित्रकाराच्या सहीचे प्रमाणपत्र. जीएसटी किमतीत धरला आहे की वर, ते आधीच विचारा.

बांधणी: चौकटीसकट नेऊ नका. चौकट काढून कॅनव्हास गुंडाळा, आणि गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर. बहुतेक जण रंग "सुरक्षित राहावा" म्हणून आत ठेवतात, त्यात रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो, बाहेर ठेवला तर नुसता ताणला जातो. मध्ये ग्लासीन किंवा बटर पेपर, बबलचा कागद थेट रंगावर नको, गोल ठसे उठतात. नळीचा व्यास निदान १५ सेंमी. रंग जाड थापलेला असेल तर ते चित्र गुंडाळूच नका. तैलरंगाचे काम नवेकोरे असेल तर तेही नको: हाताला कोरडे लागले तरी आतून वाळायला सहा महिने ते वर्ष जाते. ॲक्रिलिक किंवा कागदावरचे जलरंग घ्या, तुमचे काम सोपे होईल.

---

बोरीबंदर

कायद्याचेही बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, हस्तलिखितांना ती मर्यादा ७५ वर्षांची. त्याशिवाय नऊ कलावंतांची कामे वय काहीही असो, बाहेर नेता येत नाहीत: राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी राय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ ठाकूर, शैलोज मुखर्जी, निकोलस रोरिक. आजच्या चित्रकाराच्या कामाला अडचण नाही, पावती जवळ ठेवा. जुने दिसणारे काही घेतलेत, उदाहरणार्थ चोरबाजारातून, तर ती पुरावस्तू नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी काढावा लागतो. विमानतळावर ते जमत नाही.

---

सातासमुद्रा

बहुमोल माहिती. धन्यवाद काका, आणि लिंबूकागद, तुम्हालाही.

---

निळीशाई

मुंबईतच राहणाऱ्यांसाठी कोणी सांगेल का? कागदावरचे काम भिंतीवर लावले की दोन पावसाळ्यांत पिवळे डाग का पडतात?

---

लिंबूकागद

बुरशी आणि आम्ल, दोन्ही. फ्रेमवाल्याकडे गेल्यावर तीन गोष्टी ठासून सांगा. माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लमुक्त हवा, साधा पुठ्ठा कागदाला तपकिरी कडा सोडतो. काच चित्राला टेकता कामा नये, माउंटच्या जाडीइतकी तरी फट हवी, नाहीतर ओलावा काचेला धरतो आणि कागद तिला चिकटतो. आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावायचे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. पश्चिमेच्या आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर कागद लावायचाच नाही. चिकटपट्टीने चिकटवतो म्हणाला तर दुसरा फ्रेमवाला बघा.

---

सुमेधा_नाशिक

वांद्र्याच्या रंगवलेल्या भिंतींबद्दलही सांगा ना कोणी, मुलाला आवडतील.

---

वाटाड्या_फोर्ट

चॅपल रोड आणि रणवार गावठाण. सकाळी आठ-साडेआठला, उन्हाआधी. भिंतीवरचा रंग दोन-तीन पावसाळे टिकतो, मग त्यावर दुसरे चित्र येते किंवा घर पाडून इमारत येते, म्हणून जुने फोटो बघून "तीच" भिंत शोधत फिरू नका. ही लोकांची घरे आहेत. खिडकी-दार फोटोत येत असेल तर विचारा, आणि ओट्यावर बसू नका. माहीम पूर्वेलाही स्थानकाच्या बाजूला मोठी भित्तिचित्रे आहेत, लोकलने जाता जाता होतील. ससून डॉकचे नाव ऐकले असेल, पण तिथे कलेचे प्रदर्शन भरते तेव्हाच बघायला असते. एरवी तो कोळ्यांचा धक्का आहे, फोटोवर बंधने असतात आणि लहान मुलाला घेऊन निसरड्या फरशीवरून चालणे अवघड.

---

निळीशाई

शेवटचा प्रश्न. चित्रे लावायची असतील तर जहांगीर किती लवकर मिळते?

---

खडूपेटी

लवकर हा शब्द विसरा. अर्ज, कामांचे फोटो, निवड समिती, आणि मग काही वर्षांची वाट. अर्ज करून ठेवा आणि दरम्यान दुसरीकडे लावा: वरळीचे नेहरू सेंटर, वांद्रे रेक्लमेशनची बॉम्बे आर्ट सोसायटी (संस्था १८८८ ची, इमारत नवी), प्रभादेवीला पु. ल. देशपांडे कला अकादमीचे दालन, किंवा काळा घोड्यालाच अडोर हाउसमधले आर्टिस्ट्स सेंटर. शेवटचे जागेने लहान, पण जहांगीरच्या हाकेच्या अंतरावर, त्यामुळे येणारा-जाणारा तोच. भाड्यात काय काय येते ते लेखी घ्या: दिवे, खिळे-दोऱ्या, उद्घाटनाच्या दिवसाचा वाढीव वेळ. आणि भिंतीची लांबी फुटांत विचारा. तीन फुटी चित्राला दोन्ही बाजूंनी मिळून आणखी दोन फूट मोकळे धरा, म्हणजे चाळीस फूट भिंतीवर आठच चित्रे बसतात. पंचवीस घेऊन गेलात तर सतरा परत टेम्पोत.